अन्ननलिका बायपास शस्त्रक्रियेनंतरच्या दुर्मीळ गुंतागुंती

अन्ननलिकेचा मार्ग कायमचा बंद किंवा निकामी झाला असता, ती शरीरातून न काढता, जठर किंवा आतडे वर आणून अन्नासाठी दुसरा मार्ग तयार करण्याच्या शस्त्रक्रियेस अन्ननलिका बायपास (वळणमार्ग) शस्त्रक्रिया असे म्हणतात. या शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला पुन्हा तोंडाने खाता-पिता येते. परंतु मूळ अन्ननलिका छातीत जागच्या जागी राहते. ती अन्नाच्या वाटेतून बाजूला पडते, तरी तिच्या पेशी जिवंत असतात. या मागे राहिलेल्या अन्ननलिकेत, तसेच नव्याने तयार केलेल्या मार्गात, काही वर्षांनी किंवा काही दशकांनीही क्वचित विकार उद्भवतात. श्लेष्मपुटी, पू साठणे, शेजारच्या अवयवांशी अनैसर्गिक वाट निर्माण होणे, कर्करोग आणि हृदयावरणापर्यंत पोहोचणारा व्रण हे त्यांपैकी प्रमुख होत. हे विकार संख्येने थोडे असले तरी त्यांची लक्षणे हृदयविकार, दमा किंवा फुप्फुसाच्या आजारासारखी भासतात. जुन्या शस्त्रक्रियेची माहिती उपचार करणाऱ्यास नसेल, तर निदानास घातक विलंब होऊ शकतो.

शरीररचना

प्रौढ व्यक्तीची अन्ननलिका सुमारे २५ सेंमी. लांब असते. घशाच्या खालच्या टोकापासून निघून ती श्वासनलिकेच्या मागून, पुढे हृदयाच्या मागून व पाठीच्या कण्याच्या पुढून खाली उतरते आणि मध्यपटलातून पार होऊन जठराला मिळते. दोन फुप्फुसांमधील या अरुंद जागेत महारोहिणी, श्वासनलिकेच्या शाखा, लसिकावाहिनी आणि स्वरयंत्राकडे जाणाऱ्या चेतातंतू यांची दाटी असते. श्वासनलिकेची कूर्चामय कडी पूर्ण गोल नसून मागील बाजूस उघडी असतात. त्यामुळे तिची अन्ननलिकेला लागून असलेली भिंत मऊ असते व मागून दाब आल्यास ती आत दबली जाते. अन्ननलिकेच्या आतील आवरणाखाली श्लेष्मा स्रवणाऱ्या सूक्ष्म ग्रंथी असतात. अन्न सहज पुढे सरकावे म्हणून असलेला हा स्राव एरवी जठरात वाहून जातो. पुढे वर्णन केलेल्या बहुतेक गुंतागुंतींचे मूळ या रचनेत सापडते.

इतिहास

विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत छाती उघडून शस्त्रक्रिया करणे अत्यंत धोक्याचे होते. अन्ननलिका बंद झालेल्या रुग्णास पोटावर छिद्र पाडून जठरात नळीवाटे अन्न देणे हाच एक उपाय असे. त्यामुळे छातीच्या आत न शिरता कातडीखालून नवा मार्ग नेण्याचे प्रयत्न सुरू झाले. स्वित्झर्लंडमधील सेझार रू यांनी १९०७ साली लहान आतड्याचा उपयोग यासाठी केला. १९११ साली केलिंग व व्हुलिए यांनी स्वतंत्रपणे मोठ्या आतड्याचा उपयोग सुचविला. जर्मन शल्यविशारद मार्टिन किर्शनर यांनी १९२० साली संपूर्ण जठर मोकळे करून छातीच्या कातडीखालून मानेपर्यंत आणण्याची पद्धती वर्णन केली. मूळ अन्ननलिकेच्या खालच्या टोकातील स्राव साचू नये म्हणून ते टोक लहान आतड्याच्या वळणाला जोडण्याची तरतूदही त्यांनी केली होती. पुढे मॉस्को येथील सेर्गेई युदिन यांनी दाहक रसायनाने भाजलेल्या अन्ननलिकेसाठी लहान आतड्याचा मार्ग मोठ्या संख्येने वापरला. हाँगकाँगचे शल्यविशारद ओंग गुआन बी यांनी १९७३ साली किर्शनर यांच्या विस्मरणात गेलेल्या शस्त्रक्रियेकडे पुन्हा लक्ष वेधले.

शल्यतंत्र व भूलशास्त्र प्रगत झाल्यावर अन्ननलिका काढून टाकणे शक्य झाले आणि कर्करोगात बायपासची गरज कमी होत गेली. काढता न येणाऱ्या कर्करोगात आता बहुधा दुर्बिणीच्या साहाय्याने धातूची जाळीदार नळी (स्टेंट) बसवितात. दाहक रसायनाने बंद झालेल्या अन्ननलिकेसाठी मात्र बायपास आजही केली जाते.

शस्त्रक्रिया केव्हा व कशी करतात

आम्ल किंवा अल्कली प्राशन केल्यामुळे अन्ननलिकेत लांबलचक व्रणवस्तू (जखम भरून आल्यावर उरणारा कठीण चट्टा) तयार होणे आणि फुगे किंवा शलाका वापरून ती वारंवार रुंद करूनही उपयोग न होणे, हे या शस्त्रक्रियेचे प्रमुख कारण होय. अन्ननलिका फुटल्यानंतर तिची दोन्ही टोके बंद करावी लागणे, कर्करोगामुळे अन्ननलिका व श्वासनलिका यांत छिद्र पडणे आणि नवजात बालकात अन्ननलिकेचा मधला भाग जन्मतःच नसणे ही अन्य कारणे आहेत.

नव्या मार्गासाठी जठर, मोठे आतडे किंवा लहान आतडे यांपैकी एक अवयव त्याच्या रक्तवाहिन्यांसह मोकळा करून वर नेतात. मूळ जागी जुनी अन्ननलिका असल्याने नवा मार्ग सामान्यतः उरोस्थीच्या (छातीच्या मधल्या हाडाच्या) मागून, क्वचित कातडीखालून मानेपर्यंत नेला जातो. तेथे तो घशाच्या किंवा अन्ननलिकेच्या वरच्या टोकाशी जोडतात. आम्लामुळे जठरासही चट्टे पडलेले असल्यास मोठ्या आतड्याचा उपयोग करावा लागतो.

जुन्या अन्ननलिकेच्या टोकांची व्यवस्था तीन प्रकारे होऊ शकते : दोन्ही टोके बंद करणे, खालचे टोक जठराशी जोडलेले राहू देणे, किंवा ते लहान आतड्यास जोडून स्रावाला वाट करून देणे. कोणती गुंतागुंत उद्भवेल हे बऱ्याच अंशी या निवडीवर अवलंबून असते.

नेहमीच्या गुंतागुंती

मानेतील जोडातून गळती होणे, तो जोड पुढे अरुंद होणे, आवाज बसणे, घास श्वासमार्गात जाऊन फुप्फुसदाह होणे आणि वर आणलेल्या अवयवाचा रक्तपुरवठा अपुरा पडणे या गुंतागुंती तुलनेने परिचित आहेत. त्या बहुतेक रुग्णालयात असतानाच किंवा पहिल्या काही महिन्यांत लक्षात येतात. पुढील विवेचन दुर्मीळ आणि बहुधा उशिरा प्रकट होणाऱ्या गुंतागुंतींविषयी आहे.

मागे राहिलेल्या अन्ननलिकेतील गुंतागुंती

श्लेष्मपुटी : दोन्ही टोके बंद केलेल्या अन्ननलिकेत ग्रंथींचा स्राव साठून ती द्रवाने भरलेल्या पिशवीसारखी फुगते. या अवस्थेस श्लेष्मपुटी (म्यूकोसील) म्हणतात. थोडा द्रव साठणे हे फारसे असाधारण नाही व त्याचा सहसा त्रासही होत नाही. साठलेल्या द्रवाचा दाब वाढला की ग्रंथी दबून क्षीण होतात व स्राव थांबतो. म्हणून बहुतेक पुटी ठरावीक आकारानंतर वाढत नाहीत. ज्यांच्या अन्ननलिकेचे आतील आवरण रसायनाने पूर्ण जळून गेलेले असते, त्यांच्यात स्रवणाऱ्या ग्रंथीच फारशा उरत नाहीत. याउलट, अन्ननलिका फुटल्यामुळे ती दोन्ही टोकांस बंद केली असेल तर आवरण बहुतांशी निरोगी असते आणि पुटी मोठी होण्याचा संभव वाढतो.

फारच थोड्या रुग्णांत पुटी एवढी वाढते की ती श्वासनलिकेची मऊ मागील भिंत दाबू लागते. धाप लागणे, श्वास घेताना घरघर किंवा शिट्टीसारखा आवाज येणे, उताणे झोपल्यावर त्रास वाढणे, कोरडा खोकला, छातीत किंवा पाठीत दडपण आणि आवाजात बदल ही तिची लक्षणे होत. लहान मुलांची श्वासनलिका अरुंद असल्याने त्यांच्यात हा दाब लवकर जाणवतो. दम्याची औषधे देऊनही फरक न पडणारी धाप आणि पूर्वी झालेली अन्ननलिकेची शस्त्रक्रिया ही दोन्ही एकत्र आढळल्यास या शक्यतेचा विचार केला जातो.

जंतुसंसर्ग व फिस्टुला : पुटीतील द्रवात जंतूंचा शिरकाव झाल्यास तिचे पुवाच्या पिशवीत रूपांतर होते. थंडी वाजून ताप, छातीत दुखणे व अशक्तपणा ही लक्षणे दिसतात. पू शेजारच्या अवयवात वाट काढतो, तेव्हा दोन पोकळ जागांना जोडणारी अनैसर्गिक वाट, म्हणजे फिस्टुला, निर्माण होते. ती श्वासनलिकेत किंवा तिच्या शाखेत उघडल्यास रुग्णास दुर्गंधीयुक्त बेडका पडतो व वारंवार फुप्फुसदाह होतो. बंद केलेले टोक सैल होऊन स्राव मान किंवा छातीच्या कातडीवाटे बाहेर येऊ लागल्याचीही उदाहरणे आहेत.

आम्लाचा परतप्रवाह : खालचे टोक जठराशी जोडलेले ठेवल्यास श्लेष्मपुटीचा धोका टळतो; परंतु जठरातील आम्ल उलट दिशेने जुन्या अन्ननलिकेत चढू शकते. गिळण्याच्या लाटांनी आणि लाळेने होणारी नेहमीची धुलाई तेथे होत नसल्याने दाह, व्रण व रक्तस्राव संभवतात. दीर्घकालीन दाहाने आतील आवरणाच्या पेशींचे स्वरूपही बदलू शकते.

कर्करोग : दाहक रसायनाने भाजलेल्या अन्ननलिकेत पुढे कर्करोग होण्याचे प्रमाण सर्वसाधारण लोकांपेक्षा बरेच अधिक असते. रसायन प्राशन केल्यापासून कर्करोग प्रकट होईपर्यंतचा काळ सहसा काही दशकांचा असतो. त्यामुळे बालपणी घडलेल्या अपघाताचा परिणाम मध्यमवयात दिसू शकतो. अन्ननलिका अन्नाच्या वाटेतून दूर केल्याने हा धोका कमी होतो असे काही तज्ज्ञ मानतात. तरी बायपासनंतर मागे राहिलेल्या भागात कर्करोग झाल्याची उदाहरणे वैद्यकीय वाङ्मयात नोंदलेली आहेत.

या कर्करोगाचे वैशिष्ट्य असे की त्याची ओळखीची सूचना मिळतच नाही. अन्ननलिकेच्या कर्करोगात घास अडकू लागणे हे सर्वपरिचित लक्षण होय. पण बायपास झालेल्या रुग्णाचे अन्न दुसऱ्या मार्गाने जात असल्याने त्याला गिळताना अडथळा जाणवत नाही. दोन्ही टोके बंद असल्यास दुर्बीणही तेथवर पोहोचत नाही. परिणामी पाठदुखी, वजन घटणे, आवाज बसणे किंवा खोकल्यातून रक्त पडणे ही शेजारच्या अवयवांना बाधा झाल्याची लक्षणे दिसू लागेपर्यंत रोग पुढे गेलेला असतो.

नव्या मार्गातील गुंतागुंती

जठराच्या नळीतील व्रण : जठराचे स्थान बदलले तरी त्याची आम्ल तयार करण्याची क्षमता पूर्णपणे नाहीशी होत नाही. त्यामुळे वर आणलेल्या जठरात व्रण होऊ शकतो. उरोस्थीच्या मागे हा मार्ग हृदयावरणाला लागून असल्याने व्रण खोल गेल्यास हृदयावरणात छिद्र पडते आणि हवा, जठररस व जंतू हृदयाभोवती शिरतात. छातीत व डाव्या खांद्यात तीव्र वेदना, ताप आणि धाप ही लक्षणे हृदयविकाराच्या झटक्याशी मिळतीजुळती असतात. हृदयावरणात हवा व द्रव एकत्र साठल्यास स्टेथोस्कोपमधून पाणचक्कीच्या चाकासारखी खळखळ ऐकू येऊ शकते. क्ष-किरण चित्रात हृदयाभोवती हवेची कड दिसणे ही महत्त्वाची खूण होय. साठलेली हवा व द्रव हृदयावर दाब देत असल्याने ही अवस्था तातडीच्या उपचारांची असते.

मोठ्या आतड्याची लांबी वाढणे : मोठ्या आतड्याचा मार्ग वर्षानुवर्षे हळूहळू सैल व लांब होतो. बालपणी शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांत हे विशेषत्वाने आढळते. आतड्याला नागमोडी वळणे पडून अन्न त्यात रेंगाळते, जेवणानंतर छाती भरल्यासारखी वाटते, तोंडाला दुर्गंधी येते आणि रात्री अर्धवट पचलेले अन्न घशाशी येते. क्वचित आतड्याला पीळ पडून त्याचा रक्तपुरवठा धोक्यात येतो.

आतड्याचे स्वतःचे रोग : आतडे छातीत नेले तरी त्याचे मूळ गुणधर्म कायम राहतात. मोठ्या आतड्यात पोटात असताना होणारे विकार, उदाहरणार्थ मांसांकुर (पॉलिप), भिंतीला आलेल्या फुगवट्यांचा दाह आणि क्वचित कर्करोग, छातीतील या भागातही उद्भवू शकतात. म्हणून प्रौढ रुग्णात मोठे आतडे वापरण्यापूर्वी ते दुर्बिणीने तपासून घेतात. जठरातील आम्ल आतड्यात चढून जोडाजवळ व्रण होणे हीदेखील एक उशिराची गुंतागुंत आहे.

हाडांचा दाब : उरोस्थी, गळपट्टीचे हाड आणि पहिली बरगडी यांच्यामधील वाट अरुंद असते. तेथे नवा मार्ग दाबला गेल्यास अन्न अडते आणि शिरा दबल्याने अवयवाला सूज येते. हे टाळण्यासाठी काही शल्यविशारद त्या जागच्या हाडांचा थोडा भाग मूळ शस्त्रक्रियेतच काढतात.

पुढील शस्त्रक्रियांतील धोका : उरोस्थीमागे अन्नमार्ग असलेल्या रुग्णास पुढे हृदयाची शस्त्रक्रिया करावी लागल्यास, छातीचे हाड मध्यभागी कापताना हा मार्ग किंवा त्याच्या रक्तवाहिन्या दुखावण्याची भीती असते. अशा रुग्णाच्या बाबतीत शल्यविशारदास आधी कल्पना असेल, तर छातीत बाजूने प्रवेश करण्याचा विचार करता येतो.

निदान

बेरियम पिऊन काढलेल्या क्ष-किरण चित्रात नवा मार्ग, त्याची वळणे, अरुंद जागा व गळती दिसते. बेरियम जुन्या अन्ननलिकेत शिरतच नसल्याने तिच्यातील विकार मात्र या तपासणीत दिसत नाहीत. म्हणून बेरियमचा अहवाल निर्दोष असला तरी जुनी अन्ननलिका निरोगी आहे असे ठरत नाही. तिच्यासाठी सीटी स्कॅन ही सर्वांत उपयुक्त तपासणी ठरते. श्लेष्मपुटी असल्यास श्वासनलिकेच्या मागे, कण्याच्या पुढे उभी नळीसारखी द्रवयुक्त पोकळी दिसते. पूर्वेतिहास न कळविल्यास हीच पोकळी गाठ किंवा गळू समजली जाण्याची शक्यता असते. नव्या मार्गातील व्रण व मांसांकुर दुर्बिणीने पाहता येतात. फिस्टुलाचा संशय असल्यास श्वासमार्गाचीही दुर्बिणीने तपासणी करतात.

उपचार

लक्षणे नसलेल्या लहान श्लेष्मपुटीस शस्त्रक्रिया लागत नाही. ठरावीक काळाने तपासणी पुरेशी असते. मोठ्या व त्रासदायक पुटीतील द्रव सुईने किंवा नळीने काढता येतो. त्यामुळे श्वासावरील दाब तात्काळ कमी होतो. परंतु आतील आवरण स्रवत राहिल्यास पुटी पुन्हा भरते. कायमचा उपाय म्हणून जुनी अन्ननलिका काढून टाकतात किंवा पुटी लहान आतड्यास जोडून तिच्या स्रावाला आतल्या आत वाट देतात. पू झाल्यास प्रतिजैविके व निचरा आवश्यक असतो. फिस्टुला बंद करून मध्ये निरोगी स्नायूचा पदर बसविण्याची पद्धत आहे. हृदयावरणाशी वाट निर्माण झाल्यास हृदयाभोवतीची हवा व द्रव तातडीने काढून छिद्र बंद करावे लागते. जठराच्या नळीतील व्रणासाठी आम्लप्रतिबंधक औषधे देतात. लांबलेल्या आतड्याचा जादा भाग शस्त्रक्रियेने काढून मार्ग सरळ करता येतो.

अन्ननलिका काढावी की ठेवावी

दाहक रसायनाने निकामी झालेली अन्ननलिका बायपासच्या वेळीच काढून टाकावी का, याविषयी तज्ज्ञांत एकमत नाही. काढल्यास श्लेष्मपुटी व कर्करोग या दोन्ही चिंता मिटतात. रुग्ण तरुण असेल तर पुढील आयुष्य दीर्घ असल्याने हा मुद्दा वजनदार ठरतो. परंतु रसायनाच्या दाहामुळे अशी अन्ननलिका भोवतालच्या अवयवांना घट्ट चिकटलेली असते. ती सोडविताना श्वासनलिका फाटणे, मोठा रक्तस्राव, लसिकावाहिनी तुटणे आणि स्वरयंत्राच्या चेतातंतूंना इजा होणे हे धोके संभवतात. एका बाजूस शस्त्रक्रियेच्या टेबलावरचा निश्चित धोका आणि दुसऱ्या बाजूस अनेक वर्षांनी कदाचित उद्भवणारा विकार, अशी ही तुलना आहे. रुग्णाचे वय, प्रकृती आणि चिकटण्याची तीव्रता पाहून निर्णय घेतला जातो.

भारतातील संदर्भ

पाश्चात्त्य देशांत अन्ननलिका भाजण्यास अल्कली अधिक कारणीभूत ठरते, तर भारतात शौचालय स्वच्छ करण्याचे द्रव व इतर कामांसाठी वापरली जाणारी आम्ले मोठ्या प्रमाणावर आढळतात. अशी आम्ले शीतपेयाच्या किंवा पाण्याच्या रिकाम्या बाटलीत भरून ठेवल्याने मुले ती चुकून पितात. प्रौढांत ती जाणूनबुजून प्राशन केल्याच्याही घटना घडतात. अमेरिकेत कंठ व अन्ननलिकेचे तज्ज्ञ शेव्हॅलिए जॅक्सन यांच्या प्रयत्नांमुळे १९२७ साली दाहक पदार्थांवर विषाची सूचना छापणे कायद्याने बंधनकारक झाले. भारतात २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने आम्लहल्ल्यांच्या संदर्भात आम्लाच्या खुल्या विक्रीवर निर्बंध घालण्याचे निर्देश दिले. दाहक द्रव मूळ बाटलीतच, कुलपात किंवा मुलांचा हात पोहोचणार नाही अशा जागी ठेवणे हा या साऱ्या गुंतागुंती मुळातच टाळण्याचा सर्वांत सोपा उपाय होय.

दीर्घकालीन काळजी

बायपासनंतर रुग्ण नेहमीसारखे जेवू लागला की उपचार संपले असा समज होणे स्वाभाविक आहे. वर सांगितलेल्या गुंतागुंती मात्र याच निश्चिंत काळात डोके वर काढतात. तोपर्यंत रुग्णालय, डॉक्टर आणि कधी गावही बदललेले असते. म्हणून शस्त्रक्रियेचा सारांश-कागद रुग्णाने कायम जपून ठेवणे महत्त्वाचे मानले जाते. कोणता अवयव वापरला, तो कोणत्या वाटेने नेला, जुनी अन्ननलिका काढली की ठेवली आणि ठेवली असल्यास तिची टोके कशी सोडली, या चार गोष्टी त्यात असाव्यात. बालपणी शस्त्रक्रिया झालेल्यांच्या बाबतीत ही माहिती पालकांनी मूल मोठे झाल्यावर त्याला समजावून सांगणे आवश्यक असते. नवी धाप, टिकून राहणारा ताप, छातीत किंवा पाठीत दुखणे, आवाजातील बदल अथवा वजनातील घट जाणवल्यास डॉक्टरांना हा पूर्वेतिहास प्रथम सांगितल्याने योग्य तपासणी वेळेवर होते.